सेटवरचा एक दिवस: ‘रॉक अराउंड द क्लॉक’

जानेवारी १९५६, हॉलिवूड. कोलंबियासाठी निर्माते सॅम कॅट्झमन यांचा कृष्णधवल संगीतपट चित्रित होतोय. बजेट सुमारे तीन लाख डॉलर. अशा स्वस्त चित्रपटाचा कामाचा दिवस साधारण असा जातो.

सकाळी ६. मेकअपच्या खुर्च्या भरतात. घाईला कारण आहे. ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत वाजलेलं गायक बिल हेलीचं याच नावाचं, ‘रॉक अराउंड द क्लॉक’ हे गाणं १९५५च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. ही लाट ओसरायच्या आत चित्रपट थिएटरांत लागला पाहिजे, आणि तो मार्चमध्येच लागतो.

सकाळी ७:३०. छायालेखक बेंजामिन क्लाइन यांचं लायटिंग. नाचाचा हॉल एकदा उजळला की त्या बाजूचे सगळे शॉट उरकायचे, कथेत ते कुठेही येवोत. दिवे हलवायचे म्हणजे वेळ जाणार, आणि वेळ म्हणजे पैसा. दिग्दर्शक फ्रेड सीअर्स यांना हे गणित पाठ आहे.

सकाळी ९. प्लेबॅक सुरू. कर्ण्यातून रेकॉर्ड वाजते, वादक तिच्या तालावर हात चालवतात. शीर्षकगीताची ही रेकॉर्ड १२ एप्रिल १९५४ची, न्यूयॉर्कच्या पिथियन टेंपलमधली. त्यातला तो विजेसारखा गिटारचा तुकडा डॅनी सेड्रोनचा. सेड्रोन त्याच वर्षी जूनमध्ये वारला. कॅमेऱ्यासमोर गिटार घेऊन उभा आहे फ्रॅनी बीचर. १९५५मध्ये तीन जण हेलीचा बँड सोडून गेले, म्हणून सॅक्सोफोन आता रूडी पॉम्पिलीच्या हाती आणि बास अल रेक्सकडे आहे. दुसऱ्याने वाजवलेलं आपल्या हातांनी दाखवायचं, तेही मूळ वादकाचा मान राखून! मला हे काम मोठं वाटतं.

सकाळी ११. नाच. नृत्यदिग्दर्शक अर्ल बार्टन स्वतःच पडद्यावर अभिनेत्री लिसा गेचा भाऊ झालाय. नाच बसवणाराच नाचतो, तेव्हा एका माणसात दोन कामं होतात.

दुपारी १. जेवण. पटकन.

दुपारी २. आता ‘रूडीज रॉक’. याला रेकॉर्डचा आधार नाही. वाजेल ते तिथेच ध्वनिमुद्रित व्हायचं. एखादा सूर घसरला तर अख्खा टेक पुन्हा. म्हणूनच या वाद्यरचनेत बँडचा खरा दम ऐकू येतो.

दुपारी ४. ‘द प्लॅटर्स’ हा कृष्णवर्णीय गायकांचा गट. टोनी विल्यम्सचा आवाज, बाकीच्यांची साथ, संथ लय. याच महिन्यात अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत कृष्णवर्णीयांचा बसबहिष्कार चालू आहे. बसमध्ये बसायची जागा रंगावरून ठरणाऱ्या देशात, हेलीच्या गोऱ्या बँडइतक्याच रुबाबात हे पाच जण त्याच चित्रपटात उभे राहतात. रेडिओवर कृष्णवर्णीयांचं संगीत गोऱ्या पोरांपर्यंत नेणारा अ‍ॅलन फ्रीडही इथे आहे, स्वतःच्याच भूमिकेत.

संध्याकाळी ६. पॅकअप. फिल्म लॅबकडे. पुढे संकलक यातून ७७ मिनिटं बांधतील. कथा बेताचीच आहे: एका मॅनेजरला गावातल्या नाचात हेलीचा बँड सापडतो आणि तो त्याला शहरात नेतो. ती चटकन विसरली जाते. पण गाणं लागलं की नक्षीकामाला पैसा नसल्याने कॅमेरा वाजवणाऱ्यांकडे सरळ पाहत राहतो. कोण कुठे उभा राहायचा, वाद्य कसं धरायचा, कुणाकडे बघून इशारा द्यायचा, हे सगळं त्यामुळे टिकलं.

ब्रिटनमध्ये प्रेक्षागृहांत दंगा झाला, काही गावांनी बंदी घातली; तरी गल्ला जमतच राहिला. त्याच वर्षाअखेर याच निर्माता-दिग्दर्शकांनी ‘डोंट नॉक द रॉक’ आणला आणि लिटल रिचर्डला पडद्यावर उभं केलं. सीअर्स १९५७मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. मोठ्या स्टुडिओंच्या खर्चिक संगीतपटांनी ज्यांना क्वचितच जागा दिली, त्या कलावंतांचा उमेदीचा काळ या घाईच्या शिफ्टनी जपला. संगीताच्या इतिहासात या कामाला मानाचं पान मिळायला हवं.