फ्रेझरकाठची कॅनरी

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रेझर नदी समुद्राला मिळते, तिथे स्टीव्हस्टन हे मच्छिमारांचं गाव आहे. लाकडी खांबांवर, निम्मी पाण्यावर उभी असलेली 'गल्फ ऑफ जॉर्जिया कॅनरी' म्हणजे मासे डबाबंद करायचा कारखाना, ही तिथली भलीमोठी इमारत १८९४ची. १८९७ साली या एका कारखान्यात सॅमनचे २५ लाखांवर डबे भरले गेले. आज ते संग्रहालय आहे.

अंडी घालायला नदीत चढणारा सॉकाय सॅमन उन्हाळ्यातले थोडेच आठवडे मिळतो. मासा लागला की कारखान्याला दिवस-रात्र नसे. चिनी कामगार लांब सुऱ्यांनी डोकं, पर, शेपटी उडवून पोट साफ करत. मग आदिवासी बायका गार पाण्यात मासे धुऊन उरलंसुरलं रक्त नि खवले खरवडत. काहींच्या पाठीला तान्ही मुलं बांधलेली. पत्रा कापून डबे झाळायचं काम हंगामाआधीच चिनी कामगारांनी उरकलेलं असे. वाफेच्या भट्टीतून निघालेला प्रत्येक डबा तपासनीस छोट्या सळईने ठोकून बघे. आवाज बद्द आला की डबा गळका. शेकडो डब्यांतून तो एक आवाज नेमका टिपणारा कान ही केवढी कारागिरी!

मोबदला मात्र कारागिरीला साजेसा नव्हता. चिनी मजुरांची भरती मुकादमामार्फत होई, कंपनी पैसे त्याच्या हाती देई. शिवाय कॅनडात पाऊल ठेवायलाच चिनी माणसाला कर भरावा लागे. १९०३ पासून तो होता ५०० डॉलर.

त्याच सुमारास सिअ‍ॅटलच्या एडमंड स्मिथने मासे कापणारं यंत्र काढलं. सुमारे तीस कामगारांचं काम ते एकटं करी. ज्यांची रोजी या यंत्राने हिरावली, त्या चिन्यांना हिणवणारी शिवीच यंत्राचं नाव म्हणून राजरोस वापरली गेली. कारखान्यांचा इतिहास सांगताना ही गोष्ट झाकता कामा नये.

पुढे सॅमन थांबला, हेरिंग माशापासून तेल आणि पशुखाद्य निघू लागलं. १९७९मध्ये कारखाना बंद पडला आणि बरोबर शंभराव्या वर्षी, १९९४मध्ये, संग्रहालय म्हणून उघडला.

कारखाना चालू होता तेव्हा स्टीव्हस्टनच्या होड्यांवर जपानी वंशाचे पुष्कळ कोळी होते. १९४२मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, सरकारने त्यांना कुटुंबांसह किनाऱ्यावरून हलवलं. ब्रिटिश कोलंबियात अशा बाराशेच्या आसपास बोटी जप्त होऊन विकल्या गेल्या. परतायची मोकळीक मिळाली थेट १९४९मध्ये. जे परतले, त्यांतल्या अनेकांनी याच नदीत पुन्हा जाळी टाकली.