ध्रुवीय आयनांबरातील तरंग-विक्षोभ
वातावरणाच्या सु. ६० ते १,००० किमी. उंचीवरील आयनीभूत भागास आयनांबर म्हणतात. ध्रुवीय प्रदेशांवरील आयनांबरात इलेक्ट्रॉनांच्या घनतेचे चढउतार तरंगांप्रमाणे आडव्या दिशेने सरकत जातात. या तरंग-विक्षोभांचा वेग, दिशा व आवर्तकाल रेडिओ संकेतांच्या साहाय्याने काढता येतात.

निर्मिती : भूचुंबकीय वादळात विद्युत् भारित कण ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात उतरतात व तेथे प्रबळ विद्युत् प्रवाह वाहतात. त्यामुळे हवा एकाएकी तापून वर उचलली जाते आणि गुरुत्वाकर्षणाने पुन्हा खाली येते. या आंदोलनातून उद्‌भवणारे गुरुत्व तरंग विषुववृत्ताकडे जातात. (सापेक्षता सिद्धांतातील गुरुत्वीय तरंग याहून भिन्न होत.) आयनांबरातील विक्षोभांचे असे स्पष्टीकरण सी. ओ. हाइन्स यांनी १९६० मध्ये मांडले. मोठ्या विक्षोभांची तरंगलांबी १,००० किमी.हून अधिक व वेग सेकंदाला सु. ४०० ते १,००० मी. असतो. उदासीन हवा आपल्याबरोबर आयन व इलेक्ट्रॉन यांना चुंबकीय बलरेषांच्या दिशेने ओढत नेते. म्हणून इलेक्ट्रॉनांच्या हालचालीवरून हवेतील तरंग ओळखता येतो.

निरीक्षणपद्धती : एका घन मीटरमध्ये एक लाख कोटी इलेक्ट्रॉन असल्यास सरळ वर सोडलेला सु. ९ मेगॅहर्ट्‌झपर्यंतचा संकेत परावर्तित होतो. परावर्तनाची पातळी हलली की, डॉप्लर परिणामामुळे परतलेल्या संकेताची कंप्रता बदलते. उदा., ही पातळी सेकंदाला ३० मी. वेगाने वर सरकल्यास ५ मेगॅहर्ट्‌झ संकेताची कंप्रता सु. १ हर्ट्‌झने घटते. एकाच रेषेत नसलेल्या तीन केंद्रांवर हा बदल केव्हा पोहोचला, यावरून तरंगाचा वेग व दिशा मिळते.

दुसऱ्या पद्धतीत तिरपा सोडलेला संकेत आयनांबरातून वळून दूरच्या जमिनीवर पडतो व तेथून विखुरला जाऊन त्याच मार्गाने परततो. विक्षोभाचा खोलगट भाग अंतर्वक्र आरशाप्रमाणे संकेत एकवटतो. त्यामुळे प्रबळ व क्षीण प्रतिध्वनींचे सरकते पट्टे दिसतात. लॅब्रॅडॉरमधील गूस बे येथे १९८३ मध्ये सुरू झालेल्या रडारने असे पट्टे टिपले आहेत.

मर्यादा व महत्त्व : तीव्र वादळात आयनांबराचा खालचा थर हे संकेत शोषून घेतो. त्यामुळे विक्षोभ प्रबळ असतो नेमके तेव्हाच प्रतिध्वनी नाहीसे होतात. शेकडो मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या संकेतांवर या शोषणाचा परिणाम फारसा होत नाही. नॉर्वेतील ट्रॉम्सॉ येथे १९८१ मध्ये सुरू झालेल्या केंद्रात अशा संकेतांचे इलेक्ट्रॉनांकडून होणारे अतिक्षीण प्रकीर्णन मोजून निरनिराळ्या उंचींवरील घनता व तापमान काढता येऊ लागले. ध्रुवमार्गावरील विमानांचे लघुतरंग संदेशवहन व उपग्रहांवरून होणारी स्थाननिश्चिती या दोहोंत विक्षोभांमुळे बाधा येते. म्हणून त्यांची पूर्वसूचना मिळविण्यासाठी हा अभ्यास आवश्यक ठरतो.