‘बोर्डात आलेला’ माणूस सुखी असतो का?

दहावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले, चौकाचौकांत फ्लेक्स लागले. क्लासवाल्यांच्या पानभर जाहिरातींत पासपोर्ट फोटोंच्या रांगा अजून छापून येताहेत. आणि दरवर्षीप्रमाणे ते दुसरं वाक्यही फिरू लागलंय: फार हुशार मुलं पुढे सुखी होत नाहीत. ज्या घरात अपेक्षेपेक्षा टक्के कमी पडले, तिथे हे ऐकून बरं वाटतं, हे समजण्यासारखं आहे. पण ते खरं नाही. आणि ते खरं धरून चालल्यामुळे हुशार मुलांना नेमका कशाचा त्रास होतो, हे बघायचं राहून जातं.

या प्रश्नाची नीट तड लावायची तर एका अख्ख्या देशातल्या मुलांची परीक्षा घेऊन ती म्हातारी होईपर्यंत थांबायला हवं. स्कॉटलंडमध्ये हे घडलं. 1 जून 1932 रोजी तिथल्या शाळांमधून 1921 साली जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाने एकच बुद्धिमापन चाचणी दिली. मुलं होती 87,498. नोंदवह्या पुढे कित्येक वर्षं पडून राहिल्या. 1990च्या दशकात लॉरेन्स व्हॅली आणि इयन डिअरी या संशोधकांनी त्या उजेडात आणल्या आणि त्यातल्या हयात माणसांचा शोध सुरू झाला. ॲबर्डीनच्या मुलांमध्ये एक गोष्ट स्पष्ट दिसली. अकराव्या वर्षी ज्यांना जास्त गुण पडले होते, ती माणसं जास्त जगली होती. मग एडिंबराच्या परिसरातल्या सुमारे साडेपाचशे जणांना ऐंशीच्या उंबरठ्यावर विचारलं गेलं, की तुम्ही आयुष्याबद्दल किती समाधानी आहात? 2005 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की लहानपणच्या बुद्धीचा या समाधानाशी संबंध आढळला नाही. म्हातारपणी पुन्हा मोजलेल्या बुद्धीचाही नाही.

इंग्लंडमध्ये 2007 साली झालेल्या मानसिक आरोग्याच्या मोठ्या पाहणीतून तर उलटंच चित्र पुढे आलं. सगळ्यांत कमी सुखी होती ती कमी बुद्ध्यांकाची माणसं. त्याची कारणं शोधली तेव्हा उत्पन्न, तब्येत आणि रोजच्या कामांना लागणारी दुसऱ्याची मदत, हे सगळं पुढे आलं. त्यांच्या दुःखाचा मोठा वाटा गरिबीचा आणि आजारपणाचा होता.

मग हुशार माणसं चिंतेने पोखरलेली असतात, हे कुठून आलं? अलीकडच्या बहुतेक बातम्यांचा उगम 2018च्या एका अभ्यासात सापडतो. त्यात अमेरिकेतल्या मेन्सा या उच्च बुद्ध्यांकवाल्यांच्या संस्थेच्या 3,715 सभासदांना प्रश्नावली दिली होती. त्यांच्यात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं. पण बुद्ध्यांक जास्त असलेली बहुसंख्य माणसं अशा संस्थेत कधी जातच नाहीत. जी जातात, ती अनेकदा आपल्यासारखं कुणी भेटेल या ओढीने जातात. त्यांच्यावरून सगळ्या हुशार माणसांबद्दल बोलता येत नाही. ब्रिटनच्या ‘बायोबँक’मधल्या हजारो लोकांची माहिती तपासली तेव्हा उच्च बुद्धिमत्तेच्या गटात मानसिक आजार जास्त आढळले नाहीत. सर्वसाधारण चिंता तर थोडी कमीच होती. ही बातमी मात्र फारशी कुणी फॉरवर्ड केली नाही.

इथवरचा हिशोब सरळ आहे. बुद्धीमुळे दुःख येत नाही, आणि खाऊनपिऊन बरं चाललेल्या माणसाला ती फारसं सुखही आणून देत नाही. मला खरं सांगायचं आहे ते पुढचं, आणि त्यासाठी कॅलिफोर्नियात जावं लागेल.

1921 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ल्युइस टर्मन यांनी तिथल्या शाळांमधून हुशार मुलं निवडायला सुरुवात केली. ते शिक्षकांना विचारत: वर्गातलं सगळ्यांत हुशार मूल कोणतं, त्याच्या खालोखाल कोणतं, आणि वयाने सगळ्यांत लहान कोणतं? मग त्या मुलांची चाचणी घेत. अशी 1,528 मुलं जमली, त्यात 672 मुली. टर्मन यांची काही मतं आज वाचवत नाहीत; वंश सुधारण्याच्या त्या काळच्या चळवळीत ते होते. त्यांची चाळणीही चुकत होती. विल्यम शॉकली या मुलाला त्यांनी घेतलं नाही, आणि त्याला पुढे 1956 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण या माणसाने मुलांचा पिच्छा सोडला नाही. दर काही वर्षांनी प्रश्नावल्या जात, पत्रं जात, कुणाला शिफारस हवी असेल तर टर्मन स्वतः लिहून देत. 1956 साली ते गेले, तरी अभ्यास चालू राहिला.

या मुलांपैकी काहींना आपण ‘त्या’ अभ्यासातले आहोत हे अगदी लहानपणी कळलं होतं, काहींना बरंच उशिरा. टेक्सास विद्यापीठातल्या कॅरोल होलाहान आणि चार्ल्स होलाहान यांनी 1999 साली हाच धागा पकडला. ज्यांना लवकर कळलं होतं, त्यांच्यात मध्यमवयात ‘मी माझ्या बुद्धीला साजेसं काही केलं नाही’ असं मानण्याचं प्रमाण जास्त होतं. आणि ऐंशीच्या घरात त्यांचं मानसिक स्वास्थ्य इतरांपेक्षा कमी भरलं. सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी सांगितलेलं एक वाक्य ही माणसं ऐंशीव्या वर्षीही वागवत होती.

या विषयावर मी जे वाचलं, त्यात इतकं अस्वस्थ करणारं दुसरं काही सापडलं नाही. कारण ही माणसं आपल्या ओळखीची आहेत. महाराष्ट्र बोर्डाने गुणवत्ता यादी लावणं बंद केलं त्याला बरीच वर्षं झाली, पण ‘हा बोर्डात आला होता’ ही ओळख पन्नाशीतल्या माणसालाही चिकटलेली असते. लग्नकार्यात त्याची ओळख करून देताना मामा ते सांगतो, आणि पाठोपाठ कुणी विचारतं, सध्या कुठे असतोस? बँकेत, असं तो म्हणतो. पुढे क्षणभर कुणी काही बोलत नाही. त्याची नोकरी चांगली असते, संसार नीट असतो, संध्याकाळी तो मुलीला पोहायला नेतो. तरी त्याच्यामागे बोललं जातं: एवढा हुशार, पण पुढे काही केलं नाही. यात वाईट कुणाचंच मन नसतं. म्हणूनच ते कुणी थांबवत नाही.

अमेरिकेत याचं टोकाचं उदाहरण म्हणजे विल्यम जेम्स सिडिस. 1909 साली, अकराव्या वर्षी, तो हार्वर्डमध्ये शिकायला गेला. पुढच्याच जानेवारीत त्याने तिथल्या गणितज्ञांसमोर चार मितींच्या आकृत्यांवर व्याख्यान दिलं आणि वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. मोठेपणी त्याने आकडेमोडीच्या यंत्रावरची साधी कारकुनी पत्करली. त्याला छंद होता ट्राम बदलताना मिळणारी तिकिटं जमवण्याचा. त्यावर 1926 साली त्याने टोपणनावाने सुमारे 300 पानांचं पुस्तक लिहिलं. ‘फुकट गेलेली प्रतिभा’ म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. पण इतक्या प्रेमाने कशात तरी बुडालेला माणूस दुःखीच होता, असं मला म्हणवत नाही. 1937 साली ‘न्यूयॉर्कर’ने त्याला पुन्हा शोधून काढून त्याच्यावर लेख छापला. तो कोर्टात गेला, आणि 1940 साली हरला. चार वर्षांनी, छेचाळीसाव्या वर्षी, तो गेला. त्याला हवा होता तो एकांत, आणि नेमका तोच त्याला कुणी दिला नाही.

मग मुलांचं कौतुक करायचंच नाही का? जरूर करावं, पण कशाचं, ते बघावं. 1998 साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना म्हटलं, ‘तू हुशार आहेस’. काहींना, ‘तू मेहनत घेतलीस’. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, त्यात सगळीच पडली. शेवटी, दुसऱ्या शाळेतल्या मुलांना तुमचे गुण कळवा, नाव लिहू नका, असं सांगितलं. ‘हुशार’ म्हटलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के मुलांनी गुण फुगवून लिहिले; मेहनतीचं कौतुक झालेल्यांत हे प्रमाण 13 टक्क्यांच्या आसपास होतं. या विचारावर पुढे शाळाशाळांतून जे उपक्रम झाले, त्यांचा परिणाम सुरुवातीला वाटला त्यापेक्षा बराच लहान निघाला. तरी ओळख नसलेल्या मुलांशी, निनावी कागदावर खोटं बोलणारी ती दहा वर्षांची मुलं माझ्या मनातून जात नाहीत.

टर्मन यांच्या मुलांमधलेच एक रॉबर्ट सिअर्स पुढे स्टॅनफर्डमध्ये मानसशास्त्रज्ञ झाले आणि हा अभ्यास त्यांच्याकडे आला. साधारण बासष्टीला पोचलेल्या आपल्या सोबत्यांना विचारलं होतं, समाधान कशातून मिळालं? 1977 साली सिअर्स यांनी पुरुषांची उत्तरं मांडली. नोकरी-व्यवसायातल्या यशाच्या वर त्यांनी घरसंसार ठेवला होता. कोणत्याही गुणपत्रिकेत ही नोंद नसते.

तेव्हा एक मागणी, आणि ती या पुरवणीलाही लागू आहे. पंधरा वर्षांच्या मुलांचे फोटो टक्क्यांसह छापणं वर्तमानपत्रांनी बंद करावं, जाहिरातींतसुद्धा. शाळेने हवं तर शाळेचा निकाल सांगावा. मुलांची नावं नकोत.