दारात थरथरते, रस्त्यावर धावते!

विद्यार्थी मित्रांनो, दसरा जवळ आला की आपल्याकडे घरोघरी वाहनांची धुलाई सुरू होते. वर्धा असो, आर्वी असो की हिंगणघाट, अंगणात बादली, चिंध्या आणि पान्यांचा पसारा पडलेला दिसतो. एखादे हौशी काका नुसते धुऊन थांबत नाहीत. ते बॉनेट उघडतात, एअर फिल्टर झटकतात, प्लग बदलतात, कार्ब्युरेटर खोलून साफ करतात आणि सगळे पुन्हा जागच्या जागी बसवतात. मग मोठ्या उत्साहाने किल्ली फिरवतात. इंजिन सुरू होते खरे, पण उभ्या जागी हिवताप भरल्यासारखे थरथरू लागते. मध्येच एक ठोका चुकतो, मध्येच ते बंद पडते. आपले मिस्त्री अशा वेळी म्हणतात, “गाडी मिसिंग मारते आहे.”

गंमत पुढेच आहे. हीच गाडी नागपूर रस्त्याला लागून ताशी ५० किलोमीटरने धावू लागली, की अगदी शहाण्यासारखी चालते! खरे तर धावताना इंजिनाला कष्ट जास्त, उभे असताना जवळजवळ नाहीतच. मग कष्टाचे काम नीट आणि बिनकष्टाचे बिघडलेले, असे उलटे का? या कोड्याचे उत्तर तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातच आहे. चला, शोधू या.

उभ्या गाडीचे इंजिन काय करते?

गाडी उभी आणि इंजिन चालू, या स्थितीला ‘आयडलिंग’ म्हणतात. त्या वेळी इंजिन चाके फिरवत नाही. ते फक्त स्वतःला चालू ठेवते. पिस्टनचे घर्षण, पंखा, पाण्याचा पंप यांच्यापुरतीच शक्ती त्याला हवी असते. म्हणून हवेच्या वाटेवरची थ्रॉटल नावाची झडप जवळजवळ मिटलेली असते. पिस्टन मात्र खाली जाताना हवा ओढतच असतो. दार बंद आणि आतून ओढ चालू, त्यामुळे झडपेच्या आतल्या नळीत हवा विरळ होते.

किती विरळ? वर्धा शहर समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे ते अडीचशे मीटर उंचीवर आहे. इथे वातावरणाचा दाब साधारण ७४ सेंटिमीटर उंचीच्या पाऱ्याच्या स्तंभाएवढा असतो. चांगल्या इंजिनाच्या नळीत आयडलिंगच्या वेळी तो सुमारे ४८ सेंटिमीटरने कमी होतो. म्हणजे आत उरतो अवघा २६ सेंटिमीटर, जवळजवळ एक तृतीयांश! ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढच्या हिशेबात ती लागणार आहे.

दोन मिलिमीटरच्या भोकाचा हिशेब

उदाहरणासाठी मारुती ८०० घेऊ. १९८३ साली रस्त्यावर आलेल्या या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी तिची कार्ब्युरेटरवाली जुनी भावंडे अजूनही अधूनमधून दिसतात. तिचे इंजिन तीन सिलिंडरांचे, ७९६ घनसेंटिमीटरचे. आपण सोयीसाठी ८०० धरू. हे चार धावांचे इंजिन आहे. म्हणजे दर दोन फेऱ्यांत ते एकदा ८०० घनसेंटिमीटर जागा भरून घेते.

आयडलिंगला मिनिटाला ८०० फेरे धरले, तर ४०० वेळा भरणे झाले. ४०० गुणिले ८०० म्हणजे ३,२०,००० घनसेंटिमीटर, अर्थात ३२० लिटर. पण आतला दाब एक तृतीयांशच आहे, म्हणून बाहेरच्या दाबाने मोजली तर मिनिटाला सुमारे १०५ लिटर हवाच आत जाते.

आता समजा, कार्ब्युरेटर परत बसवताना त्याच्या बुडाशी असलेले पॅकिंग थोडे फाटले, किंवा एक रबरी नळी नीट चढली नाही, आणि २ मिलिमीटर व्यासाचे छिद्र राहिले. बाहेर ७४, आत २६. बाहेरच्या दाबाच्या जवळजवळ निम्म्याखाली आतला दाब गेला, की छिद्रातून शिरणारी हवा ध्वनीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ३०० मीटरांहून अधिक वेगाने घुसते. या भोकातून मिनिटाला सुमारे २५ लिटर हवा आत येईल.

ही हवा कार्ब्युरेटरमधून आलेली नाही. त्यामुळे तिच्या वाट्याचे पेट्रोल तिला मिळालेले नाही. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी १ ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा लागते. आता १०५च्या जागी १३० लिटर हवा झाली आणि पेट्रोल तेवढेच राहिले. प्रमाण झाले १८च्या पुढे! इतके पातळ मिश्रण ठिणगी पडूनही कधी पेटते, कधी पेटत नाही. ठोका चुकतो तो इथे.

रस्त्यावर काय होते पाहा. मिनिटाला ३००० फेरे आणि थ्रॉटल बऱ्यापैकी उघडे असताना इंजिन सुमारे ७०० लिटर हवा घेते. भोकातून जास्तीत जास्त तेच २५ लिटर येणार. थ्रॉटल उघडले की आतला दाब वाढतो आणि गळती उलट आणखी घटते. ७०० मध्ये २५ म्हणजे चार टक्क्यांहूनही कमी. इंजिनाला त्याचा पत्ताही लागत नाही. कोडे सुटले! चिमूटभर मीठ पातेलेभर आमटीत जाणवत नाही, वाटीभर आमटीत मात्र तोंड खारट करते, तसेच हे.

शरीर का हलते?

तीन सिलिंडर, मिनिटाला ८०० फेरे, म्हणजे सेकंदाला २० ठोके. इंजिन रबराच्या बैठकांवर बसवलेले असते आणि हे रबर अशा जलद कंपनांना गाडीपर्यंत पोचू देत नाही. पण एक सिलिंडर सतत चुकू लागला, की दर दोन फेऱ्यांत एक मोठी खोट पडते. म्हणजे सेकंदाला सहा-सात हिसके बसतात. ही कंपने संथ असल्याने रबर त्यांना अडवू शकत नाही. स्टिअरिंग, आरसा आणि आसन सगळेच हलू लागते.

ठेक्याकडे कान द्या. खोट ठरावीक अंतराने पडत असेल, तर दोष बहुधा एकाच सिलिंडरचा, म्हणजे त्याच्या प्लगचा किंवा वायरचा. खोट कशीही, केव्हाही पडत असेल, तर दोष सगळ्यांना सामाईक आहे, म्हणजे हवा-पेट्रोलाच्या मिश्रणाचा.

आरोपी कसा पकडावा?

पहिला नियम असा: दुरुस्तीनंतर दोष उपजला, तर ज्याला हात लावला त्याच्यावर आधी संशय घ्यावा. सकाळी ठीक असलेले इंजिन संध्याकाळी थरथरते, तर मधल्या वेळात काय काय उघडले त्याची यादी कागदावर लिहावी.

दुसरा नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा. प्लग, नळी आणि स्क्रू तिन्ही एकदम बदलले, तर गाडी सुधारली तरी कशामुळे सुधारली ते कळणार नाही. प्रयोगशाळेत आपण हेच करतो ना?

आता कार्ब्युरेटरवाल्या गाडीची तपासणी. खोट सर्व वेगांना कायम राहते का? तसे असेल तर ठिणगीकडे वळा. फक्त आयडलिंगलाच पडते का? मग दोन संशयित उरतात. एक, बाहेरची हवा शिरते आहे. दुसरा, आयडलिंगचे पेट्रोल पुरवणारा बारीक जेट कचऱ्याने तुंबला आहे. चोक किंचित ओढून पाहावा. त्याने हवा कमी होऊन मिश्रण दाट होते. थरथर थांबली, तर मिश्रण पातळ होते हे नक्की. पण हे उत्तर दोघांनाही लागू पडते! म्हणून पुढची कसोटी: पॅकिंगच्या सांध्यावर साबणाच्या पाण्याचे चार थेंब सोडावेत. तिथे भेग असेल तर पाणी ती क्षणभर बुजवते आणि इंजिनाचा आवाज लगेच बदलतो. नळ्यांच्या बाबतीत प्रत्येक नळी एकेक करून चिमटीत दाबावी. कुठेच फरक पडला नाही, तर जेट साफ करावा.

मात्र हे काम जाणत्या माणसाने करावे, तुम्ही शेजारी उभे राहून पाहावे. प्लगच्या वायरीत हजारो व्होल्टचा दाब असतो, पंखा बोटे कापतो आणि पाण्याचा थेंब वायरींवर पडता कामा नये.

स्क्रूचा मोह

बहुतेक हौशी मंडळी यातले काहीच न करता कार्ब्युरेटरवरचा स्क्रू फिरवतात. पेट्रोल वाढवले की मिश्रण पुन्हा जमते, थरथर थांबते आणि काका खूश होतात. पण भोक तसेच राहते. इंजिन तापले, पॅकिंग प्रसरण पावले, की भोकाचा आकार बदलतो आणि जमवलेले गणित मोडते. रात्री-बेरात्री घरातल्या आजारी माणसाला सेवाग्रामच्या रुग्णालयात नेताना गाडी नेमकी रेल्वे फाटकापाशी बंद पडते, ती अशीच.

दुसरा धोका न दिसणारा आहे. पुढे कोणी पॅकिंग बदलले आणि स्क्रू तसाच राहिला, तर मिश्रण गरजेपेक्षा दाट होते. हवा अपुरी पडली की पेट्रोलातील कार्बन अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. म्हणून एक गोष्ट कायमची ध्यानात ठेवा: दार लावलेल्या गॅरेजात इंजिन कधीही चालू ठेवू नये, मग ते कितीही सुरळीत चालो.

आणि नव्या गाड्या?

तुम्ही म्हणाल, आता कार्ब्युरेटर आहेत कुठे? १ एप्रिल २०२० पासून भारतात भारत स्टेज ६ ची मानके लागू झाली. आजच्या गाड्यांत पेट्रोल किती फवारायचे ते संगणक ठरवतो. काही गाड्या आत येणाऱ्या हवेचा प्रवाह मोजतात, काही नळीतला दाब मोजतात. धुरातला ऑक्सिजन पाहून संगणक आपले गणित सुधारतही राहतो. पण मोजणीच्या पुढे नळीला भोक पडले, तर न मोजलेली हवा आत येतेच. मग कुठे इंजिन थरथरते, तर कुठे उभ्या जागीच उगाच जोरात फिरते.

इथे आणखी एक गंमत आहे. थ्रॉटलच्या कडेला वर्षानुवर्षे काजळी साचते आणि तेवढी हवा अडते. संगणक ते ओळखून झडप किंचित जास्त उघडी ठेवायला शिकतो. मग आपण ती काजळी पुसतो. संगणक मात्र जुन्याच सवयीने झडप उघडतो आणि जास्त हवा आत जाते! अशा वेळी काहीही मोडलेले नसते. संगणकाला नव्याने शिकवावे लागते, आणि त्याची रीत गाडीच्या पुस्तिकेत किंवा मिस्त्रीपाशी मिळते.

करून पाहा

गाडी नसली तरी हा प्रयोग घरी होईल. रसवंतीत मिळते तशी एक कागदी नळी आणि पेलाभर पाणी घ्या. नळीतून पाणी ओढा. आता पाण्याच्या पातळीच्या वर, नळीच्या मध्यावर टाचणीने एक छिद्र पाडा आणि अगदी हळू ओढा. तोंडात काय आले, पाणी की हवा? मग जोराने ओढून पाहा. शेवटी छिद्रावर बोट ठेवून पुन्हा हळू ओढा. तिन्ही वेळचे निरीक्षण वहीत लिहा आणि विचार करा: यात पेट्रोलाच्या जागी काय आहे, आणि पॅकिंगचे काम कोणी केले?