साडीचं कपाट उघडण्याआधी ही पुस्तकं उघडा

गणपतीत सोसायटीच्या मांडवात ‘पारंपरिक वेशभूषा स्पर्धा’ हमखास असते. इंदूर, बडोदा, दिल्ली, बंगळूरच्या महाराष्ट्र मंडळांतही ती होतेच. बायका नऊवारी, नथ, खोपा करून येतात, पुरुष धोतर-फेट्यात. परीक्षक गुण देऊन मोकळे होतात. पण पारंपरिक म्हणजे नेमकं कधीचं? पेशवाईतलं? टिळकांच्या काळातलं? की आजीच्या लग्नाच्या फोटोतलं? हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की तो सहजासहजी निघत नाही. निघू नये यासाठीच हा पुस्तकांचा खटाटोप.

फॅशनचा इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पॅरिस, लंडन आणि घेरदार झगे येतात. आपल्या कपड्यांना मात्र आपण ‘परंपरा’ म्हणतो. म्हणजे ते कधी बदललेच नाहीत असं धरून चालतो. गंमत म्हणजे या विषयावरची चांगली पुस्तकं वाचली की नेमकं उलटं चित्र दिसू लागतं. जे आपण अनादिकाळापासूनचं समजतो ते बरंचसं कालपरवाचं असतं आणि जे परकीय म्हणून नाक मुरडतो ते दोन हजार वर्षांपूर्वी इथंच असतं.

परकर आला कुठून?

नऊवारीला परकर लागत नाही. काष्टा मारला की काम झालं. मग पाचवारी, आत परकर, अंगात ब्लाउज आणि डाव्या खांद्यावर पदर हा आज देशभर चालणारा थाट आला कुठून? याचं उत्तर एका बंगाली पुस्तकात आहे आणि त्यात आपली मुंबईही आहे. चित्रा देव यांनी टागोर घराण्यातल्या स्त्रियांवर ‘ठाकुरबाडीर अंदरमहल’ हे पुस्तक लिहिलं. त्याचं इंग्रजी भाषांतर २०१० साली आलं. रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ हे आयसीएस झालेले पहिले भारतीय. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि १८६४ साली त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी मुंबईला आल्या. तेव्हाच्या बंगाली घरात बायका नुसती साडी गुंडाळत, आत काही नसे. त्या वेशात घराबाहेर पडणार कसं? निघताना फ्रेंच शिंप्याच्या दुकानातून एक विचित्र ‘पौर्वात्य’ पोशाख शिवून आणावा लागला. तो घालणं म्हणजे शिक्षाच होती! मुंबईत पारशी बायकांची साडी, परकर आणि पोलकं पाहून त्यांचा प्रश्न सुटला. पुढे त्यांनी ही नेसण आपल्या सोयीनं बदलली आणि ‘बामाबोधिनी पत्रिके’त जाहिरात देऊन इतर बायकांना शिकवायचीही तयारी दाखवली. ब्राह्मो समाजातल्या बायकांनी ती उचलली म्हणून तिला ‘ब्राह्मिका साडी’ म्हणू लागले.

आजची साडी एकट्या ज्ञानदानंदिनींनी घडवली असं कुणी म्हणू नये. पण बाईला चारचौघांत बाहेर पडायचं होतं म्हणून तिचा कपडा बदलला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मी कुणालाही सुरुवात याच पुस्तकापासून करायला सांगेन. त्यात कपड्यांपेक्षा माणसं जास्त आहेत.

मालवणचे प्राध्यापक, बनारसचे विद्वान

स्वातंत्र्यानंतर लगेचच या विषयावरची दोन मोठी पुस्तकं आली. दोन्हींचे लेखक मुंबईत काम करणारे. मालवणचे डॉ. गो. स. घुर्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचं ‘इंडियन कॉस्च्युम’ १९५१ साली मुंबईतच प्रसिद्ध झालं. बनारसचे डॉ. मोतीचंद्र प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये (आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) होते, पुढे त्याचे संचालक झाले. त्यांचं ‘प्राचीन भारतीय वेशभूषा’ हे हिंदी पुस्तक त्याआधी एकच वर्ष, १९५० साली आलं. शिल्पं, चित्रं, नाणी आणि संस्कृत-पाली ग्रंथ यांतून त्यांनी कपड्यांचा एकेक धागा गोळा केला.

‘आपल्याकडे शिवलेले कपडे मुसलमानांबरोबर आले’ हे वाक्य आपण लग्नाच्या पंगतीतही ऐकतो. ही पुस्तकं हातात घेतली की ते वाक्य टिकत नाही. मथुरेच्या संग्रहालयात कनिष्काचा शिर नसलेला पुतळा आहे. त्याच्या अंगात लांब कोट आणि पायांत जाडजूड बूट आहेत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातली नर्तकी आठवून बघा, तिच्या अंगात लांब बाह्यांचं शिवलेलं वस्त्र आहे. अजिंठा पाहायला आपण शाळेच्या सहलीत गेलेलो असतो, पण ते पाहायचं कुणी सांगत नाही.

एक इशारा मात्र देतो. घुर्ये आणि मोतीचंद्र ही दोन्ही पुस्तकं सलग वाचायला जड आहेत. शब्दांचा नुसता पाऊस आहे. चित्रं आधी बघावीत, मग त्या चित्राचं पान वाचावं. त्याहून सोपं हवं असेल तर रोशन अल्काझी यांचं ‘एन्शंट इंडियन कॉस्च्युम’ (१९८३) घ्या. इब्राहिम अल्काझींच्या नाटकांची वेशभूषा त्या करत. त्यामुळे अंतरीय कसं नेसायचं, उत्तरीय कुठून घ्यायचं, कायाबंध कुठं बांधायचा हे त्या साध्या रेखाचित्रांतून दाखवतात. शाळेच्या गॅदरिंगसाठी सम्राट अशोकाचे कपडे शिवायची वेळ आलेल्या आयांना याचा फार उपयोग होईल.

कापडाचे तुकडे आणि साहेबाचे बूट

कपड्यांचा इतिहास म्हणजे राजवाडे आणि जरीकाम असं वाटणाऱ्यांनी फोर्ब्ज वॉटसन हे नाव लिहून ठेवावं. हा स्कॉटिश डॉक्टर काही वर्षं मुंबईत लष्करी सेवेत होता. पुढे लंडनला जाऊन त्यानं हिंदुस्थानातल्या कापडांचे खरेखुरे ७०० तुकडे १८ जाड खंडांत चिकटवले आणि असे २० संच केले. तेरा संच ब्रिटनमध्ये वाटले, सात हिंदुस्थानात पाठवले. सोबत १८६६ साली एक ग्रंथही लिहिला. कशासाठी? हिंदी माणूस काय नेसतो, किती लांबीचं, किती वजनाचं, कोणत्या काठाचं, हे मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना कळावं आणि त्यांनी तसंच कापड विणून इथं विकावं म्हणून! आपल्या विणकरांच्या कलेची अत्यंत सुंदर नोंद त्यांच्याच पोटावर पाय देण्यासाठी झाली. त्या पानांकडे पाहताना कौतुक आणि संताप दोन्ही एकदम येतात.

याच संदर्भात बर्नार्ड कोन या अमेरिकन अभ्यासकाचा कापड, कपडे आणि वसाहतवाद यांवरचा लांबलचक निबंध वाचायलाच हवा. १९९६ साली निघालेल्या त्यांच्या लेखसंग्रहातही तो आहे. सरकारी कचेरीत हिंदी माणसानं जोडे काढून यायचं की नाही, यावरून केवढं रामायण झालं ते तिथं वाचायला मिळतं. त्रावणकोरमध्ये नाडार समाजातल्या बायकांना वरचं अंग झाकायचा हक्क मिळवण्यासाठी अनेक वर्षं झगडावं लागलं; १८५९ साली राजाला जाहीरनामा काढावा लागला. त्या जाहीरनाम्यातही वरच्या जातीच्या बायकांसारखं झाकायचं नाही, अशी अट होतीच. अंगावर एक कापड घेण्यासाठी बायकांनी मार खाल्ला. फॅशन हा विषय पोरकट आहे असं म्हणणाऱ्यांपुढे मी हा निबंध ठेवतो.

सून साडी मागते, मेमसाब घागरा

या सगळ्यांत माझं सर्वांत आवडतं पुस्तक म्हणजे एमा टार्लो यांचं ‘क्लोदिंग मॅटर्स’ (१९९६). टार्लोबाई इंग्लंडच्या. गुजरातमधल्या एका खेड्यात राहून त्यांनी एकच साधा प्रश्न विचारला : आज काय घालायचं, हे माणूस कसं ठरवतो? त्याची उत्तरं मात्र साधी नाहीत. सासरी वेगळं, माहेरी वेगळं. शिकलेल्या सुनेला साडी हवी, सासूला तिनं घागरा-ओढणीत राहावं असं वाटतं. साडी म्हणजे तिच्या दृष्टीनं शहर, शिक्षण, सुटका. आणि त्याच काळात दिल्लीच्या हौज खास गावात काय चाललं होतं? तिथल्या उंची दुकानांतून श्रीमंत बायका तोच खेड्यातला, भरतकामाचा घागरा ‘एथनिक’ म्हणून भरमसाट किमतीला विकत घेत होत्या! ज्या कपड्यातून एक बाई सुटू पाहते तोच दुसरी हौसेनं घालते. हे वाचल्यावर प्रदर्शनात ‘ट्रायबल’ नावाची पाटी लावलेला कपडा घेताना आपला हात जरा थबकतोच.

गांधीजींवरचं प्रकरणही असंच. काठियावाडी पागोटं, विलायती सूट, मग २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत स्वीकारलेला पंचा. कोणता कपडा लोक कसा समजून घेतील याचा इतका विचार केलेला दुसरा नेता सापडणं कठीण. आणि तरी लोकांनी तो आपापल्या परीनं समजून घेतलाच.

यानंतर मुकुलिका बॅनर्जी आणि डॅनियल मिलर यांचं ‘द सारी’ (२००३) घ्या. त्यात पदराबद्दल जे लिहिलंय ते प्रत्येक मराठी घरातलं आहे : त्यानं गरम भांडं उतरवायचं, पोराचं तोंड पुसायचं, टोकाला पैसे बांधायचे, वडीलधारे आले की डोक्यावर घ्यायचा. बाईचा तिसरा हातच तो.

झगमगाटाची आवड असणाऱ्यांसाठी भानू अथैया यांचं ‘द आर्ट ऑफ कॉस्च्युम डिझाइन’ (२०१०) आहे. कोल्हापूरच्या या चित्रकार मुलीनं १९८३ साली ‘गांधी’साठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळवलं, पण मला त्यात ‘आम्रपाली’ची वेशभूषा अजिंठ्यावरून कशी आली ते अधिक रंजक वाटलं. आजच्या डिझायनर मंडळींची दुनिया आतून बघायची तर शेफाली वासुदेव यांचं ‘पावडर रूम’ (२०१२). मराठीत मात्र कपड्यांचा इतिहास आत्मचरित्रांत आणि चरित्रांत शोधावा लागतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचा आणि या वेळी फक्त सोवळ्याकडे लक्ष द्या. कोणतं वस्त्र कधी शिवायचं नाही, यावर घरं कशी चालत ते दिसेल. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्रही वाचा. १८८५ साली फिलाडेल्फियाच्या कॉलेजात काढलेला आनंदीबाईंचा फोटो प्रसिद्ध आहे. एकीकडे जपानी मुलगी किमोनोत, दुसरीकडे सीरियाची मुलगी आपल्या पोशाखात आणि आनंदीबाई साडीत. परमुलखात, त्या थंडीत!

नेसायला कोण शिकवणार?

आता शेवटची दोन पुस्तकं. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ शांताल बुलांजे तामिळनाडूत देवळांतल्या पुजाऱ्यांचा अभ्यास करायला आल्या आणि साड्यांत गुंतल्या. गावोगावी म्हाताऱ्या बायकांपुढे बसून त्यांनी शंभराच्या आसपास नेसणी शिकून घेतल्या आणि पायरीपायरीनं चित्रं काढून १९९७ साली पुस्तक केलं. काष्ट्याचे प्रकारही त्यात आहेत. कित्येक नेसणी फक्त म्हाताऱ्यांनाच येत होत्या. २०१० साली ऋता कपूर चिश्ती यांचं ‘सारीज : ट्रॅडिशन अँड बियाँड’ आलं, त्यात १०८ नेसणी आहेत. पुस्तक जाडजूड आणि महाग आहे, तेव्हा वाचनालयाला घ्यायला लावा. शहरांत राहणाऱ्यांनी जुन्या पुस्तकांच्या बाजारातही नजर ठेवावी. कोलकात्याला कॉलेज स्ट्रीट आहे. दिल्लीचा दर्यागंजचा रविवारचा फुटपाथ बाजार २०१९ साली महिला हाटमध्ये हलला.

नऊवारी आता शिवून मिळते, चढवली की झालं. सोय आहे, नावं ठेवायचं कारण नाही. पण ब्राह्मणी, मराठा, कोळी, शेतकरी घरांतल्या नेसणी वेगवेगळ्या आहेत. काष्टा किती ओढायचा, गुडघ्याच्या वर की खाली, पदर कसा घ्यायचा, हे सगळं पुस्तकांत आलेलं नाही. ते आजीच्या, आत्याच्या हातात आहे. घरात अशी कुणी असेल तर बुलांजेबाईंच्या पद्धतीनं विचारा : साडी किती वारांची, सुरुवात कोणत्या टोकानं, पहिली गाठ कुठं, निऱ्या किती, मागे काय खोचलं. मोबाइलवर चित्रीकरण कराच, पण शेजारी वहीही ठेवा; चित्रीकरणात हात दिसतात, हातांखाली काय खोचलं ते दिसत नाही. आणि जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलीनं नाव, गाव, साल लिहायला त्यांनाच सांगा. साल आठवत नसेल तर ‘थोरल्याच्या मुंजीच्या वेळी’ एवढं लिहिलं तरी चालेल.