डिक्शनरीतील सराफा



सहामाही परीक्षेतील इंग्रजीच्या एका उत्तरपत्रिकेत, अहिल्याबाई होळकर 'श्राउड' राज्यकर्त्या होत्या, असे वाक्य आमच्या वाचनात आले. लिहिणाऱ्यास 'श्रूड' म्हणजे चाणाक्ष असे म्हणावयाचे होते. श्राउड म्हणजे कफन! मधली दोनच अक्षरे चुकली आणि मातोश्रींचे काय होऊन बसले. गुण कापावेच लागले. मात्र विचारपूस करता कळले की मुलगा घरी डिक्शनरीतील रोज दहा शब्द ओळीने पाठ करतो.

म्हणून आम्ही वाचनालयातील मोठी डिक्शनरी काढून तेच पान उघडले, आणि ते मिटवेना.

'श्रू' म्हणजे चिचुंद्री. कजाग बाईलाही इंग्रज श्रू म्हणत. 'श्रूड' त्यातलाच. पूर्वी त्याचा अर्थ दुष्ट असा होता, तो हळूहळू निवळत चाणाक्षपर्यंत आला. हे दोघे शेजारीही आणि नातलगही. पुढे मात्र 'श्रिंप' म्हणजे कोळंबी, आणि तिला लागून 'श्राइन' म्हणजे देवस्थान! (शाकाहारी मंडळींनी क्षमा करावी.) थोडे खाली आपला माणूस भेटतो, 'श्रॉफ'. मूळ अरबी शब्द 'सर्राफ', म्हणजे नाणी बदलून देणारा. तो आपल्याकडे सराफ झाला आणि हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या तोंडी श्रॉफ. यूल व बर्नेल यांच्या 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशातही तो आहे. इंग्रजीत त्याचे क्रियापदसुद्धा आहे : खरी-खोटी नाणी पारखून वेगळी करणे. हाँगकाँगला गाडी उभी करण्याचे पैसे भरावयाच्या खिडकीवर 'श्रॉफ' अशी पाटी असते.

श्रॉफच्या लगेच खाली ते कफन, आणि मग 'श्रब'. हा शब्द दोनदा दिला आहे. एक श्रब म्हणजे झुडूप, अस्सल इंग्रजी. दुसरा फळांच्या रसाचे एक पेय. तो अरबीतल्या पिणे या अर्थाच्या धातूपासून आलेला. आपले सरबत, हिंदीतली शराब, इंग्रजीतले 'शर्बेट' आणि खोकल्याचे 'सिरप' ही सारी त्याच घरची. पण सिरप पाहावयाचे तर कितीतरी पाने उलटावी लागतात.

आपल्या सराफ्यात दिवसा ज्या दुकानात सोन्याचा भाव निघतो, त्याच्याच ओट्यासमोर रात्री गराडू आणि भुट्ट्याचा कीस मिळतो. शेजार आहे, नाते नाही. डिक्शनरीतही बहुतेक तसेच. ओळीने पाठ केलेले शब्द एकमेकांत मिसळतात ते यामुळेच. आम्हीही हिंदी माध्यमात शिकताना असेच पाठांतर केले होते आणि असेच फसलो होतो. पालकांनी रोज दहाऐवजी दोनच शब्द द्यावेत, पण प्रत्येकाचे मूळ पाहावयास लावावे आणि एक वाक्य लिहून घ्यावे. मूळ बहुधा अर्थानंतर चौकोनी कंसात बारीक अक्षरांत दिलेले असते, मुले नेमके तेच सोडून देतात.

मोठी डिक्शनरी आता वाचनालयात खिडकीजवळच्या टेबलावर ठेवली आहे. मधल्या सुट्टीत पाहता येईल, घरी नेता येणार नाही.