सातबारा वाचू या

सातबाऱ्याचा उतारा घरोघरी असतो. पेटीत, फडक्यात बांधून ठेवलेला. पण वाचतो कोण? आता आपल्याला अक्षरे येऊ लागली आहेत, तेव्हा तो उलगडून पाहू या.

हे खरे दोन नमुने. गाव नमुना सात सांगतो जमीन कोणाच्या नावावर आहे. नमुना बारा सांगतो तीत काय पिकले. म्हणून सातबारा.

आधी गट नंबर पाहा, मग क्षेत्र. ते हेक्टर-आरमध्ये असते. १०० आर म्हणजे एक हेक्टर. आपल्या तोंडी गुंठाच बसलेला. काही बिघडत नाही, आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद एवढा तुकडा म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर.

आता नावे. एखादे नाव कंसात दिसेल. कंस शोभेला नाही बरे का! ते नाव कमी झाले आहे. जवळच फेरफाराचा नंबर असतो. नाव का आले, का गेले, ते फेरफाराच्या वहीत, म्हणजे नमुना सहामध्ये सापडते. बाप वारला, भावांची नावे लागली आणि बहिणीचे तेवढे राहून गेले, असे गावोगाव घडते. म्हणून फेरफाराची नोटीस चावडीवर लागली की वाचावी. हरकत १५ दिवसांत लेखी द्यावी, आणि पोच घ्यावी. पुढे मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. मग अपील करीत बसावे लागते.

'इतर हक्क' हा रकाना लोक सोडून देतात. आम्ही म्हणू, जमीन घेणाराने तोच आधी वाचावा. सोसायटीचा बोजा, कुळाचा हक्क, दुसऱ्याची वाट, सगळे तिथे असते. 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिले असेल, तर सरकारची परवानगी असल्याशिवाय इसार देऊ नये.

आणि सातबारा म्हणजे खरेदीखत नव्हे. सातबारा महसुलाचा कागद. त्यावरची नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरतात, इतकेच. जमीन विकत घेतली याचा दस्त म्हणजे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवलेले खरेदीखत. साध्या स्टँपवर अंगठा घेऊन जमीन आपली होत नाही.

खरेदीखतात चतुःसीमा असतात: पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण. सही करण्याआधी तो कागद हातात घेऊन बांधावर जावे, चारी बाजू जुळवून पाहाव्यात. नाही जुळल्या तर भूमी अभिलेख कचेरीत मोजणीचा अर्ज द्यावा, आणि तोवर पैसे कनवटीलाच ठेवावेत.